पेरणीची पत्रं

विक्रांतला परत बोलावणारी तार आली तेव्हा तो स्टुलावर चढून बाहेरच्या खोलीला रंग देत होता. दोन हजार एक सालचा डिसेंबर संपत आला होता. दिल्लीत संसदेवर हल्ला झाल्यापासून टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं, तरी हातात असलेली सुट्टी पुरी होईल अशी अंजनाने स्वतःची समजूत घातली होती. तार वाचून त्याने ब्रश डब्यात बुडवून ठेवला, रॉकेलने हात पुसले आणि म्हणाला, "अर्धी भिंत राहिली बघ."

तो संध्याकाळच्या गाडीने गेला. अर्धी रंगवलेली भिंत अंजनाला बघवेना. दोन दिवसांनी तिने पदर खोचला आणि उरलेली भिंत स्वतःच रंगवून टाकली. सासू बनूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला येऊ दे की." अर्धवट राहिलेली गोष्ट घरात नको, एवढंच अंजनाच्या मनात होतं.

अंबरनाथ पश्चिमेला, विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात बनूबाई, सासरे भीमराव, चार वर्षांची पद्मजा आणि अंजना. भीमराव स्वतः फौजेत होते. एकाहत्तरची लढाई पाहून आलेला माणूस, पण त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी शब्द निघाला नव्हता. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एका केमिकल कंपनीत वॉचमनकी केली आणि आता ते ओट्यावर बसून पेपर वाचायचे. विक्रांत इंजिनिअर्सच्या पलटणीत होता. हे लोक पूल बांधतात, रस्ते करतात, एवढंच अंजनाला ठाऊक होतं. लग्न ठरलं तेव्हा बदलापूरच्या तिच्या आईने तेवढ्यावरच होकार दिला होता. "पूल बांधणारा आहे गं, बंदूक चालवणारा नाही," असं ती शेजारणींना सांगायची.

जानेवारीत पहिलं पत्र आलं. फौजींना मिळतं ते हिरवट इनलँड, वर गावाचं नाव नाही, नुसता नंबर आणि एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल. अंजनाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"प्रिय अंजना, जयभीम. आई-बाबांना सप्रेम जयभीम. मी मजेत आहे. इथं जिकडं बघावं तिकडं वाळू. चपातीत वाळू, चहात वाळू. आमच्या सेक्शनला शहापूरकडचा एक जनू म्हणून पोरगा आहे, तो म्हणतो, वाळू पचायला लागली की माणूस उंट होतो. मोर मात्र पुष्कळ दिसतात. पद्माला सांग, मोराचं पीस आणतो. सध्या आमची पेरणी चालू आहे. सकाळी तांबडं फुटायच्या आत निघतो, दिवसभर वाकून कंबर धरते. काळजी करू नको. तुझा विक्रांत."

"पेरणी?" बनूबाई हसल्या. "ह्याला कुंडीत मिरचीचं रोप जगवता आलं नाही, हा कसली पेरणी करतो?"

अंजनाही हसली आणि सहज तिची नजर सासऱ्यांकडे गेली. भीमराव हसत नव्हते. पेपरची घडी घालत होते. घातलेली घडी त्यांनी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली आणि उठून बाहेर गेले.

त्यानंतरच्या पत्रातही पेरणी होती. "आज लांब पट्टा पेरून झाला. जनूने सांजच्याला गाणी म्हटली." पुढच्या पत्रात, "बियाणं पुष्कळ आलंय, काम संपत नाही." बनूबाईंनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं की सरकार फौजेकडून वाळवंटात शेती करून घेतंय. अंजना मात्र प्रत्येक वेळी पत्र वाचताना सासऱ्यांचा चेहरा बघायची, आणि तो दर वेळी थोडा आणखी आवळलेला दिसायचा.

एक दिवस बनूबाई विहारात गेल्या होत्या. अंजनाने भीमरावांपुढे चहा ठेवला आणि समोरच बसली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"मामा, पेरणी म्हणजे काय?"

"पेरणी म्हणजे पेरणी."

"मला सांगा. नाही सांगितलंत तर मी काहीबाही मनात आणीन, ते जास्त वाईट असेल."

भीमरावांनी चहाची बशी खाली ठेवली. गल्लीत कुणी नाही ना, ते बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सुरुंग. जमिनीत पुरतात ते. दुश्मनाने इकडून येऊ नये म्हणून बॉर्डरच्या कडेने जमिनीत गाडत जायचं. इंजिनिअर लोकांचंच काम असतं ते. पूल बांधणं आहे, तसं हेही आहे."

"आणि पुरताना फुटला तर?"

"हाताला सवय होते. विक्रांतचा हात हलका आहे."

"मामा, फुटला तर?"

"पाय जातो," भीमराव म्हणाले. "बहुतेक वेळा पायच जातो." मग त्यांनी चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "बनूला सांगू नको."

अंजनाने सांगितलं नाही. विक्रांतलाही लिहिलं नाही की तिला कळलंय. तो तिकडून पेरणी लिहायचा आणि ती इकडून लिहायची, "कंबर धरत असेल तर रात्री तेल चोळून घ्या. पीक चांगलं येऊ दे." असं लिहिताना तिच्या पेनाची शाई कागदावर एकाच जागी साठायची, कारण हात पुढे सरकायचा नाही. दोघंही एकमेकांना फसवत होते आणि दोघांनाही त्याचाच आधार होता.

पोस्टमन सायकल टेकवून गल्लीच्या तोंडाशी उतरला की ती हातातलं काम टाकून दारात यायची. पत्र हातात आलं की ती आधी मजकूर बघायची नाही, वरचा पत्ता बघायची. अक्षर त्याचंच आहे ना. 'अंबरनाथ'मधल्या 'थ'ला तो एक उगाच शेपटी काढायचा. ती शेपटी दिसली की ती पत्र उघडायची, आणि मग लगेच दुसरा विचार यायचा. हे पत्र लिहून आठ-दहा दिवस झाले. आठ-दहा दिवसांपूर्वी तो धड होता. आज?

अंजना उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात कामाला जायची. शिवून आलेल्या पँटचे लोंबणारे धागे कापायचे आणि घडी घालून गठ्ठा बांधायचा. शेजारी मोरिवलीची चिमी बसायची, आगरी बाई, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. कारखाना सिंधी शेठचा होता आणि शेठची म्हातारी आई, जेठी अम्मा, खालच्याच मजल्यावर राहायची. दुपारी अम्मा पापड घेऊन वर यायची आणि बायकांत बसून गप्पा मारायची. फाळणीच्या वेळी लहान मुलगी होती ती. सिंध सोडून आली ते ह्याच कॅम्पात.

मे महिना उजाडला. जम्मूकडे फौजींच्या वस्तीवर हल्ला झाला, बायकामुलं मेली. आता लढाई होणारच असं जो तो म्हणायला लागला. अंबरनाथमध्ये तर वेगळीच कुजबुज सुरू झाली. इथं दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, विमानं आली तर पहिल्यांदा इथंच येतील म्हणे. शेजारच्या बाईने काचांना काळे कागद आणून लावले. बनूबाईंनी तांदूळ जास्त भरला. पद्मजाने विचारलं, "पप्पा बंदूक मारणार?" अंजनाने तिला उगाच एक धपाटा घातला आणि मग जवळ घेऊन बसली.

त्या दिवसांत चिमीने कारखान्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं की अंजनाचा नवरा राजस्थानच्या बॉर्डरवर आहे. जेठी अम्माने पापडाचं ताट बाजूला सारलं.

"राजस्थान? थर में?" अम्माचा चेहरा उजळला. "अरे बेटी, वो तो हमारी तरफ है! मेरा नाना वहीं का। क्या रेत थी, साईं! सोने जैसी।"

"लय गरम असंल ना?" चिमीने विचारलं.

"गरम तो है। पर एक बात बताऊं? वो रेत बैठती नहीं। चलती है। आज यहां टीला है, आंधी आई, सुबह देखो तो टीला वहां। मेरी नानी ने एक बार घड़ा गाड़ा था, निशानी के लिए पत्थर भी रखा। पत्थर मिला, घड़ा नहीं मिला। रेत ले गई।" अम्मा तोंडभर हसली. तिला तिचं लहानपण दिसत होतं.

अंजनाच्या हातातली कात्री थांबली. वाळू चालते. म्हणजे आज जिथे पुरलं ते उद्या तिथे नसेल. नकाशावर खूण असेल, दगड असेल, तारेचं कुंपण असेल, आणि खालची वस्तू सरकून गेली असेल. कुठे, ते कुणालाच माहीत नाही.

"क्या हुआ बेटी?" अम्माने विचारलं.

"काही नाही अम्मा. धागा अडकला."

घरी आल्यावर तिने भीमरावांना विचारलं, "मामा, पुरलेले सुरुंग नंतर काढतात का?"

"काढावेच लागतात," भीमराव म्हणाले. कोण काढतं, ते तिने विचारायच्या आत ते उठून ओट्यावर गेले.

लढाई झाली नाही. पावसाळा गेला आणि ऑक्टोबरमध्ये बातमी आली की फौजा परत येणार. गल्लीत पेढे वाटले गेले. पलीकडच्या लाइनीतला एक मुलगा पंजाबच्या बॉर्डरवर होता, तो दिवाळीच्या आधी परत आलासुद्धा. बनूबाईंनी विहारात खीरदान केलं. "सुटलो गं बाई," त्या अंजनाचा चेहरा कुरवाळून म्हणाल्या. अंजना हसली. सगळीकडे भीती संपली होती आणि तिच्या पोटात मात्र आत्ता कुठे ती नीट बसली होती, कारण आदल्याच दिवशी पत्र आलं होतं.

"प्रिय अंजना, इथले बाकीचे लोक चालले. आमच्या वाट्याला कापणी आहे, त्यामुळे आम्ही मागे राहणार. जनू म्हणतो, पेरणाऱ्यानेच कापायचं, हा नियम आहे. कापणीला वेळ लागेल. घाई करून चालत नाही."

बनूबाईंना तिने एवढंच सांगितलं की काम उरलंय, म्हणून उशीर आहे. भीमरावांना पत्र वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि परत देताना म्हणाले, "लढाईत माणसाला निदान कळतं, गोळी कुठून येणार ते." असं बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला.

त्या हिवाळ्यात अंजना खाली बघून चालायला शिकली. घरातून रिक्षा स्टँडवर जाताना, कारखान्याचा जिना चढताना, तिचे डोळे पायाखाली असायचे. डांबरावर खडी उखडलेली दिसली की तिचं पाऊल आपोआप बाजूला पडायचं. चिमी म्हणायची, "काय गो, रुपया हरवलाय का?" अंजना म्हणायची, "सवय लागली." एखाद्या गाडीचा टायर फुटला की तिचा पाय दुखायचा. डावा पाय. का, ते तिला सांगता आलं नसतं.

पत्रं येत होती. जनूने उंटाच्या पिलाला बिस्कीट चारलं. जनूचं लग्न ठरलंय. जनूला डुलकी लागली आणि टोपी वाऱ्याने गेली. मग पत्रं थांबली. पोस्टमन गल्लीत यायचा आणि दुसऱ्यांच्या दारात थांबून निघून जायचा. अंजना त्याला विचारायची नाही. विचारलं आणि त्याने पिशवीतून काही काढलं तर? गल्लीत फोन असलेल्या घरून बोलावणं आलं की ती मागे राहायची आणि बनूबाई पुढे जायच्या. बहुतेक वेळा बदलापूरहून तिच्या आईचा फोन असायचा.

फेब्रुवारीत पत्र आलं. पत्त्यात 'थ'ची शेपटी होती, पण थरथरलेली. आत चार ओळी.

"अंजना, मी ठीक आहे. काम चालू आहे. पद्माला मातीत खेळू देऊ नको. बूट घातल्याशिवाय बाहेर सोडू नको, आणि बूट घातले तरी रस्त्यावरच. विक्रांत."

जयभीम नाही. आई-बाबा नाहीत. आणि जनू नाही. जनू नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पत्र हातात घेऊन मोरीपाशी उभी होती, आणि ती तिथेच खाली बसली. उत्तरात तिने सगळं विचारलं. आई बरी आहे, पद्मा शाळेत जाणार, तुमचं जेवण कसं आहे. जनूबद्दल विचारायची मात्र तिची छाती झाली नाही.

मे महिन्यात विक्रांत सुट्टीवर आला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरला तेव्हा अंजनाने सगळ्यात आधी त्याचे पाय बघितले. दोन्ही होते. ती इतकी रडली की बनूबाई रागावल्या, "अगं, आला ना तो, आता काय?"

आला होता खरा. पण घरात तो एकाच खुर्चीत बसायचा. मोरीकडे जाताना लादीच्या सांध्यावर पाय न देता जायचा. गल्लीत फरशी होती तिथवर जायचा, पुढे नळासाठी खणलेली माती होती तिथून परत फिरायचा. पद्मजाने बाहेरून येऊन मातीचे पाय घरात आणले की तो उठून ते पाय स्वतः धुवायचा, बोटांच्या मधली जागासुद्धा, आणि धुताना एक शब्द बोलायचा नाही. पद्मजा त्याला घाबरायला लागली. अंजनाही घाबरली होती. पत्राची वाट बघताना निदान माणूस लांब होता. आता तो समोर बसलेला आणि तरी पोचलेला नाही, असं काहीतरी झालं होतं.

चिमीच्या भावाचं लग्न त्याच महिन्यात निघालं. मोरिवलीत हळद होती. चिमी घरी येऊन हात धरून सांगून गेली, "भावजींना घेतल्याबिगर आलीस तं बोलनार नाय." अंजनाला वाटलं, चार माणसांत गेला तर बरं वाटेल. विक्रांत नाही म्हणाला नाही. नवा शर्ट घालून निघाला.

मांडव शेतात घातला होता. भातकापणी होऊन कित्येक महिने झालेले, उन्हाने तडकलेली ढेकळं, आणि रस्त्यापासून मांडवापर्यंत तेवढंच मोकळं शेत ओलांडायचं. ऊन उतरलं होतं, बेंजोवाले वाजवत होते. त्यांना बघताच चिमी रस्त्यापर्यंत धावत आली आणि पद्मजाला हाताला धरून शेतातून पळवत मांडवात घेऊन गेलीसुद्धा. विक्रांतच्या तोंडातून आवाज फुटायच्या आत त्या दोघी पार झाल्या होत्या.

तो डांबराच्या कडेला उभा राहिला. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "आवो भावजी, रस्त्याव का उबं रायलाव? या ना!"

"चला ना," अंजना म्हणाली आणि शेतात उतरली. आठ-दहा पावलं गेल्यावर मागे वळून तिने हात पुढे केला. "अहो, चला. मी आहे ना पुढे."

"थांब!"

असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बेंजोच्या वरून तो मांडवापर्यंत गेला.

"हलू नको! पाय उचलू नको, अंजना! आहे तिथंच थांब!"

तिचा डावा पाय अर्धा उचललेला होता. चवडा टेकलेला, टाच वर. तो तसाच राहिला.

विक्रांतने कुंपणातली निरगुडीची काठी मोडून घेतली. मग तो खाली झाला, गुडघ्यांवर, मग पोटावर, नव्या शर्टासकट, आणि काठीचं टोक तिरपं करून माती टोचायला लागला. टोचायचं, थांबायचं, बोट सरकवायचं, पुन्हा टोचायचं. एक वीत मोकळी झाली की तेवढंच अंग पुढे सरकवायचं. मांडवाच्या कडेला माणसं जमली. एकजण हसून म्हणाला, "फुल टाइट हाय वाटतं पाव्हना." दोघे-चौघे हसले. मग हळूहळू कुणी हसेना. बेंजोही थांबला.

दोन-तीन पोरं मदतीला म्हणून पुढे निघाली. चिमीने अंजनाचा चेहरा बघितला आणि ती ओरडली, "कोनी पाय टाकू नका शेतान! हात लावू नका त्याला! उबं रा तितंच!"

अंजना उभी होती. हे मोरिवलीचं शेत आहे, इथे गेल्या वर्षी भात होतं, चिमीने त्याच भाताचे पोहे आणून दिले होते, हे सगळं तिला पक्कं ठाऊक होतं. तरी टाच खाली टेकवेना. तिच्या पोटरीला गोळा आला, घाम डोळ्यांत उतरला, आणि टाचेखालच्या त्या बोटभर जागेत काहीतरी आहे असं तिला खरोखर वाटायला लागलं. सबंध वर्ष तिने घरात बसून ज्याची कल्पना केली होती ते हेच होतं, आणि ते तिच्या कल्पनेपेक्षा फार मोठं होतं. ती ओरडू शकत नव्हती. श्वास घेतला तरी जमीन हलेल असं वाटत होतं.

तो पोचला. त्याने तिच्या टाचेखालची माती टोचून बघितली, हाताने चाचपली, मग आपला तळहात तिथे ठेवला. "आता टाक," तो खालूनच म्हणाला. "माझ्या हातावर टाक." तिने त्याच्या तळहातावर टाच टेकवली. मग त्याने दुसरी जागा चाचपली. असं एकेक पाऊल करत त्याने तिला मागे आणलं. डांबरावर आल्यावर तो उठला. शर्ट फाटला होता, कोपर रक्ताळले होते.

"पद्मा कुठंय?"

अंजनाने मांडवाकडे बोट केलं. तेवढ्यात चिमी आली. ती शेतातून आली नव्हती. मांडवामागच्या गाडीरस्त्याने लांबचा वळसा घालून, पद्मजाला कडेवर घेऊन, धापा टाकत आली होती. "ही बगा भावजी," ती म्हणाली. "जिमनीला पाय नाय लावला तिचा. मी उचलूनच होते."

विक्रांत तिथेच रस्त्यावर बसला आणि त्याने मुलीचे तळपाय छातीशी धरले. मांडवात चिमीच्या बापाने बेंजोवाल्यांना हाताने खूण केली आणि वाजवणं पुन्हा सुरू झालं. कुणीतरी ताटं वाढून रस्त्यावरच आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बनूबाई पद्मजाला घेऊन शेजारी गेल्यावर, विक्रांतने सांगितलं. भीमराव दारात बसले होते, अंजना गव्हातले खडे काढत होती.

"पट्टा साफ झाला होता. मीच तपासला होता, दोनदा. मी पुढं चालत होतो, जनू मागं. बोलत होता काहीतरी, लग्नात बेंजो आणू का डीजे. माझ्या पावलात पाऊल टाकत होता. नियमच आहे तसा. मी जिथं पाय ठेवला तिथंच त्याने ठेवला. मला काही झालं नाही." त्याने आपले पाय जवळ ओढून घेतले. "माझ्याच पावलात, अंजना."

"गेला?" तिने विचारलं.

"दोन्ही पाय गेले. मग दवाखान्यात तोही गेला."

मग भीमराव दारातून उठून आत आले, मुलाच्या शेजारी बसले आणि एकाहत्तर सालातल्या एका सकाळबद्दल बोलायला लागले. कसला धूर होता, कुणाच्या हाका येत होत्या, कुणाला उचलता आलं नाही. बनूबाईंनाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर दोन वर्षं ते गल्लीतल्या हौदापाशी जायला घाबरायचे, पाण्यात माणसं दिसायची. "तेव्हा कुणी दवाखान्यात नेत नव्हतं," ते म्हणाले. "आता नेतात. मी येतो बरोबर."

आणि ते गेले. पुण्याला फौजेच्या दवाखान्यात मुलाच्या खाटेजवळ स्टूल टाकून ते बसून राहायचे. अंजना दर रविवारी जायची. गोळ्या चालू झाल्या, मग बोलणं चालू झालं. सहा-सात महिने लागले. पलटणीने त्याला पुन्हा त्या कामावर पाठवलं नाही. स्टोअरला, मग ट्रेनिंगला, अशी बाकीची नोकरी झाली. सीमेवरचं उरलेलं काम दुसऱ्यांनी केलं. त्यांच्याही बायका कुठल्यातरी गल्लीत पोस्टमनची वाट बघत असतील, असं अंजनाच्या मनात यायचं आणि ती ते कुणाला सांगायची नाही.

जनूच्या घरी ते दोघे एकदा जाऊन आले. त्याच्या आईने विक्रांतला विचारलं, "तुम्ही जवळ होता का?" तो म्हणाला, "होतो." म्हातारीने त्याला पाणी दिलं, जेवू घातलं आणि निघताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला. येताना बसमध्ये तो सगळ्या वाटेत खिडकीला डोकं लावून झोपला. कित्येक महिन्यांत अंजनाने त्याला इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं.

दोन हजार आठला तो पेन्शनीत आला आणि आनंदनगरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागला. आता तो मातीवरून चालतो. आधी बूट घालून, मग चपलेने, आणि एकदा मोरिवलीच्या बांधावरून चिमीच्या भावाबरोबर खेकडे धरायला गेला, तेव्हा अनवाणी. परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि तो हसत होता. बनूबाईंनी त्याच्या पायांवर तांब्याने पाणी ओतलं.

अंजनाचं मात्र तसं झालं नाही. ती भीती तिच्या अंगात मुरली ती मुरलीच. उन्हाळ्यात बदलापूरला माहेरी गेलं की विक्रांत पद्मजाला घेऊन मागच्या टेकडीवर करवंदं काढायला जातो. अंजना टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्यावर उभी राहते. तिची आई घरातून हाका मारते, चहा निवतोय म्हणून. पद्मजा वरून ओरडते, "आई, तू पण ये ना!" ती हात हलवते, जात नाही. दोघांची डोकी झाडीआड गेली की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते. ती डोकी पुन्हा दिसेपर्यंत गुंडाळत राहते.